बंद जिनिंगच्या आवारात संशोधन संकुल : ग्रामीण विदर्भासाठी मार्गदर्शिका

हिंगणघाट, पुलगाव, वणी, अकोट, खामगाव, अचलपूर अशा कापसाच्या गावांभोवती बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगची (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांची), तेलगिरण्यांची आणि कापड गिरण्यांची आवारे आजही दिसतात. त्यांतील काही खासगी मालकांची आहेत, तर काही सहकारी संस्थांची. १९७२ साली राज्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना (शेतकऱ्यांचा कापूस फक्त राज्यानेच विकत घेण्याची) सुरू केल्यानंतर ज्या सहकारी जिनिंगना हंगामभर काम मिळत असे, त्यांतील अनेकींच्या यंत्रांचे पट्टे ती योजना मोडीत निघाल्यावर थांबले ते कायमचेच. अशा एखाद्या आवारात अद्ययावत संशोधन संकुल उभारावे असा विचार सुरू झाला, की पहिल्याच बैठकीत इमारतीचे रंगीत चित्र टेबलावर येते. त्या चित्राच्या आधी कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत, याविषयी ही मार्गदर्शिका आहे.

सुरुवातीलाच एक हिशेब स्पष्ट करणे आवश्यक आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. शहरात बंद गिरणीच्या जमिनीला एवढा भाव मिळतो, की पाडकाम, सफाई आणि कोर्टकज्जे यांचा खर्च त्या भावातूनच निघतो. तालुक्याच्या गावी हे गणित चालत नाही. तेथे दूषित माती उपसून शास्त्रोक्त ठिकाणी नेण्याचा खर्च प्रसंगी जमिनीच्या बाजारभावालाही मागे टाकू शकतो आणि तो भरून काढण्यासाठी विकायला सदनिका नसतात. त्यामुळे ग्रामीण विदर्भात संकुलाचा आकार वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून ठरवू नये. जेवढी जागा खरोखर स्वच्छ करता येईल आणि जेवढ्या जागेला पहिल्या पाच वर्षांत निश्चित वापर आहे, तेवढीच हाती घ्यावी. उरलेले आवार कुंपण घालून, पाण्याचा निचरा नीट करून तसेच राखावे. पुढील सर्व सूचना या एका निर्णयावर उभ्या आहेत.

कागदपत्रे

आवार गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि गाव नमुना ८अ, नगर भूमापन झालेले असेल तर आखीव पत्रिका, आणि दोन्ही बाबतींत जुने फेरफार, हे सर्व एकत्र करून जमीन मुळात कशी मिळाली ते पाहावे. विदर्भात येथे तीन अडचणी विशेषत्वाने येतात. पहिली नझुलाची, म्हणजे शासनाच्या मालकीच्या जमिनीची. जुन्या जिनिंगच्या जागा अनेकदा शासनाकडून भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात, पट्ट्याची मुदत संपलेली असते आणि संचालक मंडळ मात्र जागा आपल्याच मालकीची समजून करार करू लागते. पट्ट्याचे नूतनीकरण आणि वापरातील बदलाची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळाल्याशिवाय पुढे एक पैसाही खर्च करू नये.

दुसरी अडचण झुडपी जंगलाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली अभिलेखात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी वनजमिनीच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वनेतर कामासाठी दिलेल्या जमिनी आणि त्यानंतर दिलेल्या जमिनी यांना या निर्णयात वेगवेगळी वागणूक आहे. आवाराचा मुख्य भाग निर्वेध असला तरी कापसाच्या गाड्या उभ्या करण्याचे मैदान किंवा रेल्वे सायडिंगलगतची पट्टी या नोंदीत सापडू शकते, म्हणून प्रत्येक गट क्रमांकाचा अभिलेख स्वतंत्रपणे काढावा.

तिसरी अडचण रस्त्याची आहे. कारखान्याची जमीन अकृषिक असली तरी तिच्याकडे जाणारा रस्ता बहुधा वहिवाटीचा असतो आणि तो रुंद करण्यासाठी शेजारचे शेत विकत घ्यावे लागते. शेतकरी नसलेल्या संस्थेला शेतजमीन घेताना विदर्भात १९५८ चा कुळवहिवाट अधिनियम लागू होतो, पश्चिम महाराष्ट्रातला नव्हे. पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या मसुद्यात ही चूक हमखास आढळते.

संस्था सहकारी आणि अवसायनात (मोडीत काढण्याच्या प्रक्रियेत) असेल तर विक्रीचा अधिकार संचालकांकडे नसून त्यासाठी नेमलेल्या अवसायकाकडे असतो, आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कामगारांच्या शेवटच्या २४ महिन्यांच्या देण्यांचा दर्जा तारणधारक बँकेच्या बरोबरीचा राहतो. भविष्य निर्वाह निधीची थकबाकी त्याहून वेगळी पाहावी लागते. ही देणी केवळ कायद्याची बाब म्हणून हाताळू नयेत. ज्या गावात दोनशे घरांचा पगार बुडालेला आहे, त्या गावात प्रयोगशाळेचे भूमिपूजन करण्याआधी थकलेल्या रकमेचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवणे शहाणपणाचे ठरते.

जमीन कोणत्या विभागात येते, हे प्रादेशिक योजनेत किंवा विकास योजनेत पाहावे. औद्योगिक विभागात संशोधनाचा वापर राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार बसतो किंवा कसे, याचे उत्तर नगररचना कार्यालयाकडून लेखी घ्यावे. बसत नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २० किंवा ३७ खाली फेरबदल करून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक झाल्यास २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते, हेही आकार लहान ठेवण्याचे एक कारण आहे.

जमिनीत काय मुरले आहे

जिनिंग म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणे, त्यात विष कसले, असा प्रश्न या टप्प्यावर नेहमी विचारला जातो. म्हणून आवाराचा कोना न् कोना काय काम करत होता हे आधी समजून घ्यावे. विदर्भातील बहुतेक जिनिंग डबल रोलर यंत्रांवर चालत. या यंत्रांचे रोलर क्रोम-कमावलेल्या चामड्याच्या चकत्यांचे असत. ते झिजत, त्यांना वेळोवेळी खाचा पाडाव्या लागत आणि त्यातून निघणारी धूळ शेडमध्ये व बाहेर साचत असे. या चामड्यातील क्रोमियमचा धोका ओळखूनच केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमियमरहित रोलर विकसित केले. कमावलेल्या चामड्यातील क्रोमियम प्रामुख्याने त्रिसंयुजी असते. घर्षणाच्या उष्णतेने त्याचा काही अंश अधिक घातक अशा षट्‌संयुजी रूपात जाऊ शकतो. जेथे रोलरला खाचा पाडल्या जात आणि जेथे झिजलेले रोलर फेकले जात, त्या दोन जागा नकाशावर सर्वप्रथम खुणावाव्यात.

त्याशिवाय बॉयलरची राख आणि क्लिंकर, फर्नेस ऑइल व डिझेलच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मरचा ओटा, तेलगिरणी असल्यास हेक्झेन या तेल काढण्याच्या द्रावकाची टाकी, जुने रंगकाम आणि छतावरचे अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त सिमेंटचे पत्रे हे नेहमीचे संशयित आहेत. कीटकनाशकांचे गोदामही शोधावे. सहकारी जिनिंगच्या आवारात खते व औषधे विकण्याचे केंद्र असण्याची प्रथा होती, आणि बीएचसीवर १९९७ मध्ये, तर एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी येईपर्यंत ही रसायने कापसावर सर्रास फवारली जात. फुटलेल्या डब्यांचा एखादा खड्डा कोठे तरी बुजवलेला असतोच. हा खड्डा कागदावर सापडत नाही. तो निवृत्त फिटर, बॉयलरवाले आणि हमाल यांना ठाऊक असतो. त्यांना आवारात बोलावून, मानधन देऊन, पायी फिरवून माहिती नोंदवावी. आलेख काढणाऱ्या कोणत्याही उपकरणापेक्षा या कामाची किंमत कमी आणि उपयोग जास्त आहे, असे माझे मत आहे.

मातीचे नमुने घेण्याची पद्धत पाठ्यपुस्तकात सापडेल, परंतु काळ्या मातीत तिच्यात बदल करावे लागतात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा मीटरभर किंवा त्याहूनही खोल जाऊ शकतात, आणि वरची धूळ, राख किंवा तेल पहिल्या वळवाच्या पावसाबरोबर थेट खाली उतरते. त्यामुळे वरचे १५ सेंटिमीटर स्वच्छ निघाले म्हणून खालचे स्वच्छ असेल, हा तर्क येथे लागू पडत नाही. पृष्ठभाग, अर्धा मीटर, एक मीटर आणि मुरूम लागतो ती पातळी असे निरनिराळे नमुने घ्यावेत. भेगेची कड आणि दोन भेगांमधला भरीव ढेकूळ यांचे नमुने एकमेकांत मिसळू नयेत. संशयित जागी दाट आणि इतरत्र विरळ जाळी आखावी. तेल व द्रावक तपासण्यासाठी घेतलेले मातीचे नमुने एकत्र कालवून एक करू नयेत, कारण कालवतानाच बाष्पशील घटक उडून जातात.

येथे एक गोष्ट विसरली तर संपूर्ण अहवाल फसतो. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत क्रोमियम, निकेल आणि तांबे हे घटक निसर्गतःच जास्त असतात. अन्य देशांच्या मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून आवारातली माती तपासली तर शेजारचे निर्मळ शेतही दूषित ठरेल. उलट सर्वच जास्त आहे म्हणून दुर्लक्ष केले तर रोलरला खाचा पाडण्याची खोली नजरेतून सुटेल. म्हणून कारखान्याच्या वाऱ्याच्या आणि पाण्याच्या वाटेबाहेरील, त्याच प्रकारच्या मातीच्या शेतांतून तुलनेचे नमुने घ्यावेत आणि एकूण क्रोमियम व षट्‌संयुजी क्रोमियम ही दोन परीक्षणे स्वतंत्रपणे मागावीत. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असावी, आणि तिच्या मान्यतेच्या यादीत नेमके हेच परीक्षण आहे का, तेही पाहावे.

भूजलासाठी आवारातील जुनी विहीर पुरेशी नसते. बेसाल्टमध्ये पाणी सांध्यांतून आणि भेगांतून वाहते. त्याची दिशा जमिनीच्या उतारावरून अचूक सांगता येत नाही. किमान तीन निरीक्षण विहिरी घेऊन पाण्याच्या पातळ्यांवरून प्रवाहाची दिशा काढावी आणि मे व ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांत नमुने घ्यावेत. शेजारच्या वस्तीच्या बोअरवेलचे पाणीही तपासावे. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइड, तर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात क्षार मुळातच जास्त असतात, हे अहवालात वेगळे दाखवले नाही तर कारखान्यावर नाहक आळ येतो किंवा खऱ्या दोषावर पांघरूण पडते. निष्कर्ष काहीही असोत, ज्यांची बोअरवेल तपासली त्यांना ते मराठीत लिहून द्यावेत.

संशयाला पुरेसा आधार मिळाला तर प्रकरण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे न्यावे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांत प्राथमिक व सविस्तर तपासणी, जबाबदार व्यक्ती ठरवणे आणि तिच्याकडून सफाईचा खर्च घेणे यांची चौकट आहे. जागा विकत घेणाऱ्या संस्थेने हे टाळण्याचा मोह आवरावा. करारापूर्वी दोष उघड झाला तर खर्च किमतीतून वजा करून मागता येतो. करारानंतर उघड झाला तर तो नव्या मालकाच्या गळ्यात पडण्याचा धोका असतो.

भंगाराचा लिलाव सर्वांत शेवटी

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होते. पैसे उभे करण्याचा सोपा मार्ग म्हणून अवसायक किंवा मालक यंत्रे, कैच्या (छत पेलणारे लोखंडी सांगाडे), रूळ आणि ट्रान्सफॉर्मर भंगारात काढतो. ठेकेदाराला लोखंड आणि तांबे हवे असते, म्हणून तो ट्रान्सफॉर्मरचे तेल जमिनीवर ओततो, सिमेंटचे पत्रे वरून खाली टाकून फोडतो आणि टाक्या गॅसने कापतो. जी घाण एका ओट्यापुरती होती ती आठवडाभरात संपूर्ण आवारभर पसरते, आणि लिलावात मिळालेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च सफाईवर करावा लागतो.

म्हणून आधी घातक वस्तूंची यादी करावी, त्या वस्तू स्वतंत्र ठेक्याने काढाव्यात आणि त्यानंतरच उरलेल्या लोखंडाचा लिलाव पुकारावा. ट्रान्सफॉर्मरमधील तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल (पीसीबी) हे घातक रसायन आहे का, याची तपासणी तेल हलवण्यापूर्वी व्हावी. २०१६ च्या केंद्रीय आदेशाने अशा उपकरणांच्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत घातली होती. सिमेंटचे पत्रे पाणी मारून ओले करावेत, हुकांचे नट उघडून अखंड उतरवावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत आणि हे काम करणाऱ्यांना साधा रुमाल नव्हे तर योग्य प्रतीचा श्वसन-मुखवटा द्यावा. टाक्या कापण्याआधी वायुमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक सहजपणे स्फोट पावते. विदर्भातील घातक कचऱ्यासाठी बुटीबोरी येथे सामायिक प्रक्रिया व विल्हेवाट केंद्र आहे. तेथे पाठवलेल्या प्रत्येक खेपेची वाहतूक-पावती जपून ठेवावी. ही पावत्यांची फाइल पुढे बँक, विद्यापीठ आणि विमा कंपनी, तिघेही मागतात.

लिलावातून काही गोष्टी मुद्दाम वगळाव्यात. चांगल्या स्थितीतील लोखंडी कैच्या, सागवानी दरवाजे व तुळया, आणि संरचना अभियंत्याने सुरक्षित ठरवल्यास विटांचे धुराडे, यांची भंगारातील किंमत अल्प असते, पण नव्या बांधकामात त्यांचा खरा उपयोग होतो.

सफाई किती आणि कशी

संपूर्ण आवार शेतजमिनीइतके शुद्ध करण्याचा अट्टहास करू नये. ज्या ठिकाणी माणसे बसतील, मुले खेळतील किंवा प्रायोगिक पीक घेतले जाईल, तेथे कडक निकष लावावा. जेथे फरसबंद वाहनतळ होणार आहे, तेथे मध्यम दूषित माती जागेवरच झाकता येते. रोलरची खोली, औषधांचा खड्डा यांसारख्या थोड्या पण तीव्र जागांची माती उपसून बुटीबोरीला पाठवावी. षट्‌संयुजी क्रोमियम फेरस सल्फेटसारख्या द्रव्याने त्रिसंयुजी रूपात आणता येते, परंतु आधी प्रयोगशाळेत चाचणी घेऊन प्रमाण ठरवावे. तेलकट मातीवर ढीग लावून जिवाणूंद्वारे प्रक्रिया करता येते. विदर्भाच्या उन्हात हे ढीग सुकून निकामी होतात, त्यामुळे मार्च ते जून त्यांना सावली आणि ओलावा द्यावाच लागतो. झाडे लावून माती शुद्ध करण्याचे प्रस्ताव आकर्षक वाटतात, पण त्यांना लागणारी वर्षे कोणत्याही अनुदानाच्या मुदतीत बसत नाहीत.

आवरण घालण्यासाठी काळी माती वापरण्याची चूक अनेक जण करतात, कारण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि अभेद्य वाटते. एप्रिलमध्ये ती भेगाळली की आवरणाचा उद्देशच संपतो. न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर आणि त्याखाली भू-पटल (पाणी न झिरपू देणारी प्लॅस्टिकची चादर), हीच रचना येथे टिकते. पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाबाबतही सावध राहावे. बांधकाम परवानगीत पुनर्भरण खड्ड्याची अट असते, पण झाकलेल्या दूषित मातीजवळ असा खड्डा घेणे म्हणजे घाण धुऊन भूजलात सोडणे होय. छतावरचे पाणी टाक्यांत साठवावे आणि पुनर्भरण फक्त स्वच्छ ठरलेल्या बाजूला करावे.

संशोधनाचा विषय

सफाई चालू असतानाच विषय ठरवावा, कारण इमारतीचा आकार, वीज आणि पाणी यांचे उत्तर विषयात दडलेले असते. कृत्रिम बुद्धिमत्ता, जैवतंत्रज्ञान आणि नॅनो हे तीन शब्द एका ओळीत लिहिलेला प्रस्ताव मंजूर होतो, पण चालत नाही, कारण त्या कामासाठी कोणालाही त्याच गावी यावे लागत नाही. जे काम त्या गावातच चांगले होऊ शकते, तेच निवडावे. धाग्याची प्रत आणि जिनिंगमधील प्रक्रिया, गुलाबी बोंडअळीचे सापळे आणि त्यांतील किडींची प्रतिमांवरून ओळख, भेगाळणाऱ्या मातीत टिकणारे ओलाव्याचे संवेदक, पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) फळ्या किंवा इंधनाच्या कांड्या, फवारणी करणाऱ्याच्या शरीरावर किती औषध उतरते याचे मापन, असे विषय येथे स्वाभाविक आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या प्रश्नावर काम करणारी प्रयोगशाळा ज्या शिवारात फवारणी होते तेथून शंभर मैल दूर असण्याचे काही कारण नाही.

भागीदार जवळच आहेत. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, तेथीलच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि जिनिंग प्रशिक्षण केंद्र, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, यांच्यापैकी एकाशी तरी कामाचा करार झाल्याशिवाय बांधकामाची निविदा काढू नये. सामंजस्य कराराचे छायाचित्र पुरेसे नाही. किती शास्त्रज्ञ, किती दिवस, कोणत्या उपकरणावर आणि कोणाच्या पैशाने काम करणार, हे त्यात लिहिलेले असावे. जनुकीय बदल केलेल्या वाणांवर काम होणार असेल तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थास्तरीय जैवसुरक्षा समिती आधी स्थापन करावी लागते.

बांधकाम, वीज आणि पाणी

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १९४३ साली बांधलेल्या ‘मिल १९’ या पोलाद कारखान्याच्या शेडचा सांगाडा तसाच ठेवून त्याच्या पोटात नव्या इमारती बांधल्या आणि माथ्यावर सौर पटले बसवली. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे उत्पादन-तंत्रज्ञानाचे संशोधन तेथे चालते. त्या परिसरातील कारखाना १९९८ मध्ये बंद झाला, काही धर्मादाय प्रतिष्ठानांनी २००२ मध्ये जागा घेतली आणि या शेडमधील पहिली इमारत २०१९ मध्ये उघडली. दोन-तीन वर्षांत उद्घाटन मागणाऱ्यांना ही सनावळी दाखवावी.

छताखाली छत ही रचना आपल्याकडे त्याहून अधिक उपयोगी आहे. कापसाचा धागा मोजणारी उपकरणे सुमारे २० ते २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता मागतात, आणि विदर्भातला मे महिना ४५ अंशांचा, कोरडा ठणठणीत असतो. जुन्या शेडचा उंच सांगाडा नव्या पत्र्यांनी झाकून त्याखाली भरपूर इन्सुलेशन असलेली लहान, बंदिस्त प्रयोगशाळा बांधली तर सूर्य तिच्या भिंतींना थेट भिडत नाही आणि वातानुकूलनाचा भार उतरतो. संपूर्ण शेड थंड करण्याचा प्रस्ताव कोणी आणल्यास त्याच्याकडून पुढील दहा वर्षांच्या वीजबिलाचा अंदाजही मागावा.

काळ्या मातीतील पायासाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रूढ केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा किंवा आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी मांडलेल्या न फुगणाऱ्या मातीच्या थराचा विचार करावा. मात्र पाइलसाठी पाडलेले छिद्र दूषित थरातून मुरमापर्यंत सरळ वाट तयार करते, त्यामुळे त्या जागेची सफाई पूर्ण झाल्याचा अहवाल आल्यावरच गिरमिट लावावे.

विजेसाठी गावच्या सामान्य वाहिनीवर विसंबून राहता येत नाही. महावितरणकडून स्वतंत्र वाहिनी मिळवण्याचा खर्च प्रकल्प-अहवालातच धरावा. नंतर तो कोणत्याही शीर्षात बसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कोसळतात आणि नेमक्या त्याच सुमारास माती सुकून अर्थिंगच्या खड्ड्यापासून सुटलेली असते, म्हणून उन्हाळाभर त्या खड्ड्यांना पाणी घालण्याचे काम कोणाच्या तरी नावे लिहून ठेवावे. खारपाणपट्ट्यात शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी शेजारच्या नाल्यात सोडता येणार नाही. त्यासाठी बाष्पीभवनाची टाकी लागते. ज्वलनशील द्रावक व दाबाखालील वायू यांच्या साठ्यावर पेसोचे (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) नियम लागू होतात, आणि त्या यंत्रणेचे मुख्यालय नागपुरातच असल्याने आराखडा पक्का होण्यापूर्वी सल्ला घेणे अवघड नाही.

चालवण्याची व्यवस्था

ना-नफा कंपनी, विद्यापीठाचे उपकेंद्र किंवा सहकारी संस्था यांपैकी कोणताही ढाचा चालेल. त्यात ग्रामपंचायतीचा एक आणि माजी कामगारांचा एक प्रतिनिधी असावा. पहिल्या टप्प्यात शुल्क घेऊन चालणारी सामायिक परीक्षण प्रयोगशाळा सुरू करावी, कारण जिनिंगवाले, व्यापारी आणि शेतकरी कंपन्या पहिल्या हंगामापासून तिच्याकडे येऊ शकतात आणि संकुलाला स्वतःचे उत्पन्न मिळते. महागडे उपकरण घेताना त्याच्या देखभालीचा करार, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस आणि प्रमाण-मापन (कॅलिब्रेशन) यांची तीन वर्षांची तरतूद हाती नसेल, तर उपकरण घेऊ नये. तालुक्याच्या आयटीआयमधील मुलामुलींना बांधकाम सुरू असतानाच प्रशिक्षणासाठी पाठवावे. नागपुरातून रोज ये-जा करणारा तंत्रज्ञ दुसऱ्या पावसाळ्यात नोकरी सोडतो.

संकुलातील जागा ज्यांना भाड्याने दिली जाईल, त्यांच्या प्रत्येक नोंदणीकृत करारास झाकलेल्या भागांचा मोजणीचा नकाशा जोडावा आणि त्या भागात पाइप, केबल किंवा झाडाच्या खड्ड्यासाठीसुद्धा लेखी परवानगीशिवाय खोदकाम करू नये अशी अट घालावी. निरीक्षण विहिरींचे मे आणि ऑक्टोबरचे परीक्षण बांधकामानंतरही चालू ठेवावे, त्याचा खर्च भाड्यातून वेगळा काढून ठेवावा आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.